जुन्या वस्तूंच्या दुकानात घरासाठी काय पाहावं, कसं पाहावं

जुन्या वस्तूंच्या दुकानात पहिल्यांदा शिरलेला माणूस बहुतेक वेळा दोनांपैकी एक गोष्ट करतो. दारातच दिसलेल्या कोरीव आरशावर त्याचा जीव जडतो आणि तो पाच मिनिटांत पैसे मोजून मोकळा होतो. नाहीतर एवढा पसारा पाहून त्याला काही सुचत नाही आणि तो तसाच बाहेर पडतो. दोन्ही टाळायचं असेल तर एक भेद मनात पक्का हवा: सजावटीची कल्पना वेगळी आणि वस्तू वेगळी. कल्पना कुठल्याही दुकानातून फुकट घेता येते आणि ती घेण्यात काहीच चूक नाही. वस्तू मात्र उलटीपालटी करून, मोजून, ठोकून पाहिल्याशिवाय घ्यायची नाही. म्हणून पहिली फेरी फक्त कल्पनांसाठी ठेवावी आणि वस्तू तपासायचं काम त्यानंतर करावं.

निघण्यापूर्वी: घराची मापं

खोलीचं माप सगळे घेतात, वाटेचं घेत नाहीत. मोठी वस्तू खोलीत मावते आणि जिन्याच्या वळणावर अडकते, हा नेहमीचा प्रकार आहे. त्यामुळे मुख्य दार, लिफ्ट, जिन्याचं वळण आणि आतलं दार या सगळ्यांची मोकळी रुंदी व उंची वहीत लिहून घ्यावी. दाराची मोकळी रुंदी दार उघडं ठेवून मोजायची, म्हणजे उघडलेल्या फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत. नुसती चौकट मोजली तर फळीच्या जाडीमुळे तीन-चार सेंटीमीटरचा फरक पडतो आणि नेमकं तेवढ्यासाठी कपाट अडतं.

उंच कपाटाचं आणखी एक गणित आहे. ते आडवं करून आत आणतात आणि मग उभं करतात. उभं करताना त्याची उंची मोजून भागत नाही, कर्ण मोजावा लागतो. २२० सेंमी उंच आणि ६० सेंमी खोल कपाटाचा कर्ण साधारण २२८ सेंमी भरतो. छत २२५ सेंमीवर असेल तर कपाट उभं राहिल्यावर बसलं असतं, पण उभं करताच येणार नाही. अशा वेळी कपाटाचा वरचा नक्षीदार पट्टा आणि पाय वेगळे होतात का, हे दुकानदाराला विचारावं. बरीच जुनी कपाटं सुटी होतील अशीच बांधलेली असतात.

जमिनीवर कागदी चिकटपट्टीने वस्तूचा आकार आखून ठेवणं फार उपयोगी पडतं. ये-जा करायला कडेने ७५ ते ९० सेंमी वाट राहते का, खण पूर्ण उघडल्यावर समोर उभं राहता येतं का, हे दोन दिवस त्या रेषांभोवती वावरलं की कळतं.

सोबत न्यायच्या वस्तू थोड्याच आहेत. पाच मीटरची मोजपट्टी, छोटा टॉर्च, लहान लोहचुंबक, दहापट मोठं दाखवणारं भिंग, जुनं सुती फडकं आणि वही. पडद्याच्या कापडाचा तुकडा आणि भिंतीच्या रंगाचा नमुना असेल तर फारच चांगलं, कारण रंग आठवणीत कधीच नीट राहत नाही. खोलीच्या चारही भिंतींचे दिवसाउजेडी, समोरून काढलेले फोटो फोनमध्ये असू द्यावेत.

तीन शब्द

सर्वसाधारणपणे शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला अँटिक म्हणतात. त्याहून अलीकडची, पण आपल्या काळाची ओळख स्पष्ट दाखवणारी वस्तू म्हणजे व्हिंटेज. रेट्रो म्हणजे जुन्या धर्तीवर बनवलेली नवी वस्तू. सजावटीसाठी तिन्ही चालतात. फक्त तिसरीसाठी पहिलीची किंमत मोजायची नाही.

पहिली फेरी: हात न लावता

एका कडेने सुरुवात करून संपूर्ण दुकान सावकाश फिरावं. डोळा जिथे अडकतो तिथे थांबून, का अडकला ते वहीत एका ओळीत लिहावं. "आरसा आवडला" एवढ्याने काही साधत नाही. "गडद लाकडाशेजारी मंद झालेलं पितळ", "उंच अरुंद कपाट, खाली रुंद बुटकं बाक" असं लिहिलं तर ती कल्पना तुमच्या हातात येते. मग तो आरसा महाग असला, फुटका असला किंवा मावणारा नसला तरी बिघडत नाही. तोच परिणाम घरातल्या दुसऱ्या दोन वस्तू शेजारी ठेवूनही साधता येतो.

मांडणीकडे बारकाईने बघा. अनुभवी दुकानदार शेकडो सुट्या वस्तू एकत्र नांदवतो, त्यामागे काही ठरलेल्या युक्त्या असतात. एकच पदार्थ तीन ठिकाणी फिरवलेला दिसतो: पितळेचा दिवा, पलीकडे पितळी मूठ, कोपऱ्यात पितळी चौकट. तिन्ही मिळून नजर खोलीभर फिरवतात. बारीकसारीक वस्तू ट्रेमध्ये ठेवल्या की पसारा वाटत नाहीत, संग्रह वाटतो. काचेच्या बाटल्या खिडकीसमोर येतात, कारण मागून उजेड आल्याशिवाय त्यांचा रंग दिसत नाही. खुल्या कपाटाची आतली पाठ गडद रंगवली की फिकट भांडी उठून दिसतात. ही शेवटची युक्ती घरी करायला अर्धा दिवस पुरतो आणि तिचा परिणाम खर्चाच्या मानाने फार मोठा असतो.

दुकानात वस्तूच्या आकाराचा अंदाज हमखास चुकतो. उंच छत आणि आजूबाजूला अवजड सामान असलं की दोन मीटरचं कपाटही आटोपशीर वाटतं. म्हणून प्रत्येक आवडलेली वस्तू मोजायची. परवानगी घेऊन फोटो काढताना मोजपट्टी उघडून वस्तूच्या कडेला धरली तर माप फोटोतच नोंदलं जातं.

चित्रांच्या भिंतीपुढेही थोडं थांबा. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंमीवर असला की उभ्या माणसाला मान वाकवावी लागत नाही. चौकटींमध्ये ५ ते ८ सेंमी अंतर ठेवलं तर त्या एकत्र दिसतात, त्याहून जास्त ठेवलं की सुट्या पडतात. सोफ्यावर किंवा बाकावर टांगलेल्या चित्रसमूहाची रुंदी खालच्या सामानाच्या दोन तृतीयांश असावी. पुष्कळदा आतलं चित्र सामान्य असतं आणि चौकट उत्तम. तेव्हा ती फक्त चौकट म्हणून घ्यायला हरकत नाही. चित्र मूळ आहे की छापील, हे भिंगाखाली ओळखता येतं. रंगांचे नियमित ठिपके दिसले तर ती छपाई आहे.

एका खोलीत किती जुन्या वस्तू असाव्यात? एक मोठी आणि तीन-चार लहान, एवढ्यावर सुरुवात करावी. सगळीच खोली एका काळाची केली की ती राहती वाटत नाही. साध्या भिंती आणि साधा सोफा असला तर जुनं कपाट खरं दिसतं.

वापर बदलताना

जुन्या वस्तूला नवं काम देणं ही या दुकानांमधली सर्वांत मजेची गोष्ट, पण प्रत्येक बदल जमतोच असं नाही. शिलाई मशीनच्या ओतीव लोखंडी पायांवर फळी टाकून टेबल छान होतं. फळीसह उंची ७४ ते ७६ सेंमी भरली पाहिजे आणि खालचं पायडल तारेने किंवा बोल्टने पक्कं बांधलं पाहिजे, नाहीतर बसणाऱ्याचे पाय सारखे त्यावर आपटतात. सोफ्यासमोर ट्रंक ठेवायची तर ती सपाट झाकणाची, ४० ते ४५ सेंमी उंच घ्यावी. घुमटाकार झाकणावर कप ठरत नाही. घरात लहान मुलं असतील तर आपोआप लागणारं कुलूप काढून टाका, कारण मूल आत अडकू शकतं. झाकण अचानक पडू नये म्हणून त्याला आधारपट्टीही बसवून घ्या.

छापखान्यातले खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, ठेवायचे कप्पेदार ट्रे भिंतीवर लावायला फार सुंदर दिसतात. मात्र ते खिळे शिसं, कथील आणि अँटिमनीच्या मिश्रधातूचे असत, त्यामुळे कप्प्यांत शिशाची धूळ बसलेली असते. ट्रे झटकू नये. ओल्या फडक्याने प्रत्येक कप्पा पुसावा, फडकं टाकून द्यावं आणि मुलांच्या हाताला येणार नाही अशा उंचीवर ट्रे लावावा. ग्रंथालयातले कार्डांचे खण साधारण ७.५ × १२.५ सेंमीच्या कार्डासाठी केलेले असतात. त्यांत किल्ल्या, वायरी, पेन, बिया उत्तम राहतात, पण कपडे ठेवायच्या विचाराने ते घेऊ नये.

जुन्या कपड्यांच्या कपाटांची खोली पुष्कळदा ४० सेंमीच्या आसपासच असते, कारण आत खुंट्या असायच्या. आजचा हँगर ४२ ते ४५ सेंमी रुंद असतो आणि कपड्यांसह त्याला आतून ५५ सेंमी तरी लागतात. अशा कपाटात फळ्या टाकून चादरी किंवा पुस्तकं ठेवावीत. दांडी बसवायचा हट्ट धरला तर दार कधीच मिटणार नाही.

लाकूड तपासणं

आता वस्तू हाताळायची. सुरुवात पाठीमागून आणि खालून करायची. समोरची बाजू प्रत्येक जण चमकवतो, पाठीला सहसा कुणी हात लावत नाही, म्हणून खरी माहिती तिथेच असते.

एक खण पूर्ण बाहेर काढा. पुढची फळी आणि बाजूच्या फळ्या जिथे मिळतात तिथे पंख्याच्या आकाराचे दात एकमेकांत अडकलेले असतील, तर तो डोव्हटेल सांधा. दात थोडे लहानमोठे आणि आखणीच्या बारीक रेघा दिसत असतील तर काम हाताचं. सगळे दात तंतोतंत सारखे असतील तर यंत्राचं, म्हणजे बहुधा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं किंवा त्यानंतरचं. खणाचा तळ प्लायवूडचा असेल तर वस्तू विसाव्या शतकातली, किंवा तळ नंतर बदललेला आहे.

स्क्रू पाहा. हाताने केलेल्या स्क्रूची खाच डोक्याच्या अगदी मधोमध नसते आणि टोक बोथट असतं. टोकदार स्क्रू १८५० च्या सुमारापासून सर्वत्र झाले, आणि अधिकच्या चिन्हाची खाच १९३० च्या दशकात आली. दीडशे वर्षं जुन्या म्हणून दाखवलेल्या मेजाला तसला स्क्रू असेल तर ती किमान दुरुस्ती आहे. दुरुस्ती असणं वाईट नाही, ती सांगितली गेली पाहिजे. फळीच्या मागे कमानीसारखे करवतीचे ओरखडे दिसले तर लाकूड गोल पात्याच्या यंत्रावर कापलेलं आहे. सरळ, किंचित वाकडेतिकडे ओरखडे असतील तर ते हाताने कापलेलं असू शकतं.

गोल मेजाची एक परीक्षा तर फारच भरवशाची. लाकूड आपल्या तंतूंच्या रेषांना आडव्या दिशेने आकसतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे जुनं गोल मेज आज पूर्ण गोल राहिलेलं नसतं. रेषांच्या दिशेने एकदा आणि त्याला काटकोनात एकदा व्यास मोजा. आडवा व्यास थोडा कमी भरला तर वय खरं असण्याची शक्यता वाढते. दोन्ही अगदी सारखे असतील तर आणखी पुरावे मागा.

झीजही वाचता येते. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर पाय ठेवले जातात, खणाच्या मुठीभोवती बोटं लागतात, पायांचे तळ घासतात. झीज याच जागी हवी. सगळीकडे सारखाच घासलेला, सारखाच काळपटलेला पृष्ठभाग दिसला तर तो मुद्दाम केलेला असण्याची शक्यता फार. वरचं कपाट आणि खालचं मेज वेगवेगळ्या सामानातून आणून जोडण्याचा प्रकारही सर्रास चालतो. दोन्हींच्या पाठीच्या फळ्यांचा रंग, जाडी आणि खणांचे सांधे जुळवून पाहिले की हे लक्षात येतं.

मजबुतीसाठी खुर्चीवर गुडघा टेकून पाठ हलकेच पुढेमागे आणि तिरकी हलवा. सैल सांधा ही भीतीची गोष्ट नाही. जुना प्राणिज सरस ऊब आणि ओलाव्याने मऊ होतो, सांधा उघडून, खरवडून पुन्हा चिकटवता येतो. सांध्यात खिळे किंवा लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतील तर मात्र आतलं लाकूड चिरलेलं असतं आणि ती खुर्ची दुरुस्तीला अवघड. बैठकीच्या अगदी जवळ तडकलेला पाय असेल तर सरळ सोडून द्यावी. वाफेने वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या सुरुवातीला घ्यायला चांगल्या. थोनेट कंपनीची १८५९ ची चौदा क्रमांकाची खुर्ची लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यातच जुळत असे. त्या धर्तीच्या खुर्चीत सैलपणा आला तर बहुतेक वेळा स्क्रू आवळून काम होतं. बैठकीची उंची मोजायला विसरू नका. ७५ सेंमीच्या मेजाला ४३ ते ४६ सेंमीची बैठक लागते आणि जुन्या खुर्च्या कित्येकदा त्याहून बुटक्या असतात.

वर पातळ सुंदर लाकडाचा थर चिकटवलेला असेल तर त्याला व्हिनिअर म्हणतात. बोटाने ठोकत गेल्यावर एखाद्या जागी पोकळ आवाज आला तर तिथे तो सुटलेला आहे. हाताने कापलेला जुना थर दीड-दोन मिलिमीटर किंवा त्याहून जाड असतो, आजचा एक मिलिमीटरही नसतो. कुठल्याही व्हिनिअरवर यंत्राने पॉलिशपेपर फिरवण्याचा विचार करू नका. थर फाटून खालचं लाकूड वर आलं की ते परत झाकता येत नाही.

कीड ही खरी धास्ती. एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं दिसली म्हणून लगेच नाकारू नये, ती जुनी आणि निर्जीव असू शकतात. कडा काळपट असेल तर जुनी. कडा स्वच्छ, फिकट असेल आणि खाली पिठासारखा भुगा पडत असेल तर कीड आत जिवंत आहे. काळा कागद खाली धरून लाकूड ठोका, भुगा पडला तर कळेल. वाळवी भोकं पाडत नाही, आतून पोखरते. पायाच्या तळाशी टोकदार वस्तू टेकवल्यावर ती सहज आत गेली किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर ती वस्तू घरात आणू नका.

धातू, काच, चिनी माती

पितळेला लोहचुंबक चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आणि वर मुलामा आहे. जस्ताच्या ओतीव वस्तूलाही चुंबक चिकटत नाही, म्हणून घासलेली कड भिंगाखाली पाहा. पितळ खोलवर पिवळंच असतं, जस्ताची कड करडी दिसते. पितळेवरचा मंद तपकिरी थर हीच त्याची शोभा आहे, विकत घेतल्या दिवशी तो घासून काढू नये.

जुन्या खिडकीची किंवा कपाटाची काच लाटेसारखी दिसते. काच काळाबरोबर वाहते ही समजूत चुकीची आहे, ती लाट बनवण्याच्या पद्धतीतून येते. आरशाच्या कडेचे काळे डाग नाहीसे करता येत नाहीत, ते आवडत असतील तरच आरसा घ्या. काचेमागे चांदीचा थर चढवण्याची रीत जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३५ मध्ये शोधली. त्याआधी कथील आणि पारा वापरत. फार जुन्या आरशात मागचा थर बारीक स्फटिकांसारखा चमकत असेल, खालच्या कडेला थेंब दिसत असतील, तर त्याची पाठ उघडू नका आणि तो घरात टांगू नका.

बशी बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. अखंड असेल तर स्वच्छ नाद येतो, तडा असेल तर आवाज बसका येतो. वरच्या चकाकीतलं केसांसारखं जाळं वेगळं आणि आरपार तडा वेगळा: नखाला अडकतो तो तडा. तळावरच्या शिक्क्यात देशाचं नाव असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेत आयात मालावर देशाचं नाव लागू लागलं. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' हा शिक्का दुसऱ्या महायुद्धानंतरच्या, १९५२ मध्ये संपलेल्या ताब्याच्या काळातला. शिक्का नाही म्हणजे वस्तू फार जुनी, असं मात्र नाही. जुन्या रंगीत भांड्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं, ती शोभेलाच ठेवावीत.

दिवे आणि गालिचे

जुन्या दिव्याची वायर कापडी वेष्टणाची असेल तर ती बदलायचीच, चालू असली तरी. आतलं रबर कडक होऊन तुटतं आणि धातूच्या बुडाला करंट येतो. धातूचा दिवा अर्थिंगसह नव्याने वायर करून घ्यावा आणि एलईडी बल्ब लावावा, म्हणजे जुनी शेड तापत नाही.

गालिचा उलटा करून पाहा. हाताने विणलेल्यात पाठीवरही नक्षी स्पष्ट असते आणि टोकाची झालर मूळ ताण्याचीच असते, शिवलेली नसते. एक कोपरा हळू दुमडा. कडकड आवाज आला तर धागे कुजलेले आहेत, तो घेऊ नका.

पैसे देण्यापूर्वी

चार प्रश्न विचारा: वस्तू कुठून आली, कोणते भाग बदलले, पॉलिश कधी झालं, कीड मारली आहे का. उत्तरं पावतीवर लिहून मागा. ज्याला आपल्या मालाची खात्री आहे तो लिहून देतो. घासाघीस करताना वस्तूला नावं ठेवू नयेत. दुरुस्तीला काय लागेल ते एकेक दाखवून तेवढं वजा मागावं, हे दोघांनाही पटतं. पोचवण्याचा खर्च किमतीत धरला आहे का, तेही तिथेच ठरवा.

हस्तिदंत, कासवाची पाठ, पोवळं लागलेल्या वस्तूंपासून दूर राहा. धोक्यात आलेल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या, १९७५ पासून अमलात असलेल्या साइट्स या आंतरराष्ट्रीय करारामुळे त्यांचा देशादेशांतला व्यापार बांधलेला आहे आणि खरेदी-विक्रीचे नियम कडक आहेत. जुना पाळणा बाळासाठी घेऊ नये. गजांमधलं अंतर ६ सेंमीहून जास्त असेल तर बाळाचं अंग त्यातून सरकू शकतं. गाद्या-उशांच्या शिवणी टॉर्चने पाहा, काळे ठिपके ढेकणांचे असतात.

घरी आणल्यावर

लाकडी वस्तू पहिले तीन आठवडे इतर सामानापासून दूर, काळ्या कागदावर ठेवा आणि नवा भुगा पडतो का ते पाहा. लहान, साधी लाकडी वस्तू किंवा कापड प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवलं तर कीड मरते. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नका, नाहीतर वस्तूवर दव धरतं. रंगवलेल्या, जडावाच्या किंवा चिकटवलेल्या वस्तूंना हा उपाय करू नये.

पुसायचं तर कापूस किंचित ओला करून आधी न दिसणाऱ्या जागी घासा. कापसाला रंग लागला तर थांबा. जुनं पॉलिश बहुधा लाखेचं असतं आणि ते स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणून स्पिरिटयुक्त क्लीनर जवळही आणू नका. मेणाचा अगदी पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटं थांबून कोरड्या फडक्याने चोळावं. जवसाचं तेल लावायचा सल्ला सर्रास मिळतो. ते कालांतराने चिकट आणि काळं होतं, आणि मग निघत नाही. जुना रंग कोरडा खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं.

खण अडकत असेल तर रंधा मारण्याआधी त्याच्या सरकपट्टीवर मेणबत्ती घासा आणि एक कोरडा ऋतू जाऊ द्या. दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा तासलेला खण हवा कोरडी झाली की सैल होऊन खडखडतो. कपाट भिंतीपासून पाच सेंटीमीटर पुढे ठेवावं, म्हणजे मागे ओल धरत नाही. वजन भरल्यावर आणि दोन्ही दारं एकदम उघडल्यावर ते पुढे झुकतं, म्हणून वरच्या बाजूने दोन धातूच्या पट्ट्यांनी भिंतीला बांधून घ्यावं. पट्ट्या पाठीच्या पातळ फळीला लावू नका, कपाटाच्या मूळ चौकटीत बसवा.